गैरहजर सूचक

व्यापारी संघाच्या कचेरीत एकतीस वर्षं चिटणीस असलेल्या माणसाला खऱ्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. दुकानदार त्याला चिटणीस म्हणत, दूधवाला चिटणीस म्हणे, आणि बायको रागावली की चिटणीससाहेब म्हणे. अंगानं किरकोळ, बोलणं बेताचं, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला आणि काळं सह्यांना. काळं पेन कुणाच्या हाती दिलं की टोपण तो स्वतःच्या मुठीत ठेवी. त्यामुळे एकतीस वर्षांत त्याचं एकही पेन हरवलं नव्हतं. आपण आयुष्यात एवढी एकच हुशारी केली, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

संघाला मात्र त्याची दुसरी एक हुशारी जास्त उपयोगी पडली होती.

कुठल्याही ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचकानं म्हणायचं, असं असं करावं. अनुमोदकानं म्हणायचं, माझा पाठिंबा आहे. संघातल्या मंडळींचा पाठिंबा कशालाही असे. अडचण सूचकाची होती. ठराव उद्या अंगाशी आला तर लोक सूचकाच्या दुकानासमोर येऊन उभे राहणार, अनुमोदकाला कोण विचारतो? चिटणीस नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच सभेत रस्त्यावरचा दिव्याचा खांब हलवायचा ठराव आला. खांब हलवायला हवा यावर सगळ्यांचं एकमत, आणि सूचक व्हायला कुणी तयार नाही. अर्धा तास सगळे एकमेकांच्या कपांकडे बघत बसले. नव्या चिटणिसाला घरी जायचं होतं. त्यानं भीत भीत विचारलं, "शिंपी आज आले नाहीत. त्यांचं नाव घालू का?"

तेव्हापासून तीच संघाची रीत झाली. गैरहजर माणूस नाही म्हणू शकत नाही. पुढे कुणी जाब विचारलाच तर तो छातीला हात लावून सांगू शकतो की मी सभेला नव्हतोच. हजर असलेले सांगू शकतात की सूचना आमची नव्हती. दोघांचंही खरं. गावातला बसथांबा पलीकडे गेला, बाजाराची सुट्टी सोमवारची बुधवारी गेली, चौकातलं कारंजं बंद पडलं, हे सगळं त्या त्या वेळी खोलीत नसलेल्या माणसांनी केलं. शिंपी वारले तेव्हा त्यांच्या नावावर चौदा ठराव होते. त्यांची बायको एकदा कचेरीत येऊन विचारून गेली होती की कारंजं बंद करा असं आमच्या ह्यांनी का म्हणावं, त्यांना तर त्याचा आवाज आवडायचा. चिटणिसानं रजिस्टर काढून तिला दाखवलं. नवऱ्याच्या नावाकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी चिटणिसाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

तर अशा या संघाच्या अध्यक्षांना एके दिवशी कळलं की शेजारच्या गावात एंजल नेटवर्क आहे आणि आपल्या गावात नाही.

अध्यक्षांचा फरशीचा कारखाना होता. आवाजही फरशी कापल्यासारखा. शेजारच्या गावात काहीही असलं की त्यांना रात्री झोप येत नसे. त्यांनी मोठ्या शहरातून एक सल्लागार बोलावला. त्याच्या बुटांत मोजे नव्हते. संघातले सगळ्यांत जुने सभासद, रंगाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे रंगवाले म्हणत, त्यांना त्याची कणव आली. सल्लागारानं फळ्यावर गोल काढून समजावलं की नवं काही शोधून काढणाऱ्या तरुण मंडळींना बँका दारात उभं करत नाहीत. अशा वेळी गावातल्या चार पैसेवाल्यांनी एकत्र यायचं आणि अगदी सुरुवातीला त्यांच्या धंद्यात स्वतःचा पैसा घालायचा. बुडाला तर बुडाला, तरला तर दहापट. हेच ते एंजल, म्हणजे देवदूत. रंगवाल्यांनी हात वर करून सांगितलं की देवदूत समजला, तो बुडाला तर बुडालाचा भाग तेवढा पुन्हा सांगा.

सल्लागार नियमांचा एक नमुना ठेवून गेला. चिटणिसानं तो संघाच्या भाषेत बसवून टाइप केला. सातवा नियम असा होता: ठरावाच्या सूचकानं पहिला चेक द्यावा, आणि त्यानंतर आठ दिवसांत अनुमोदकांनी आपापले चेक द्यावेत. चेक कमीत कमी किती रकमेचा, हे अध्यक्षांनी ठरवलं. माहितीपत्रकात शोभेल असा आकडा त्यांनी सांगितला. चिटणिसानं शून्यं दोनदा मोजून घेतली.

नेटवर्कला सरकारी विकास कार्यालयाची मान्यता मिळायला अकरा सभासद लागत होते. झाले दहा. अकराव्यासाठी महिनाभर शोधाशोध झाली. ज्याला विचारावं तो म्हणे, पैसे असते तर आलोच असतो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, चिटणिसांचंच नाव घाला, नुसतं नावापुरतं, त्यांना काय करायचंय? तसं घातलं. कचेरीच्या दाराशी पितळी पाटी लागली. त्यावर दहा मोठी नावं आणि खाली, जागा कमी पडल्यामुळे जरा दाटीवाटीनं, अकरावं. चिटणीस तीन दिवस सकाळी लवकर जाऊन ती पाटी स्वतः पुसत होता. चौथ्या दिवशी त्यालाच लाज वाटली.

पहिलं वर्ष मोठ्या धुमधडाक्यात गेलं. बोधचिन्ह झालं, कोटाला लावायची पिन झाली, शेजारच्या गावाचं नेटवर्क कसं चालतं ते बघायला पाच दिवसांचा अभ्यासदौरा झाला. शेजारचं गाव बसनं चाळीस मिनिटांवर होतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी चारला स्टार्टअपवाले आपापले लॅपटॉप घेऊन येत आणि दहा मिनिटं बोलत. मंडळी मन लावून ऐकत. मग अध्यक्ष विचारत, तारण काय ठेवणार. औषधांचे ठोक व्यापारी विचारत, वडील काय करतात. रंगवाले विचारत, हे फोनवर फुकट मिळत नाही का. आणि शेवटी प्रत्येक जण एकच वाक्य बोले, की कल्पना उत्तम आहे, पहिला कुणी पुढे येत असेल तर दुसरा मी.

दुसरे दहा होते. पहिला नव्हता.

आता संघाची जुनी रीत इथे कामी यायला हवी होती. पण सातवा नियम सगळ्यांनी वाचला होता, म्हणून गैरहजर राहायला कुणी तयार होईना. अध्यक्ष एकदा प्लास्टरमधला पाय घेऊन आले. औषधवाले ताप घेऊन आले, त्यांना खिडकीपाशी वेगळं बसवलं. रंगवाल्यांच्या घरी नातवंड झालं, तर दवाखान्यातून थेट सभेला आले, मुलगी की मुलगा ते नीट न विचारता. बारा महिने शंभर टक्के हजेरी. विकास कार्यालयानं सर्वोत्तम उपस्थितीची ढाल दिली. पैसा मात्र एकाही स्टार्टअपला मिळाला नाही. एकोणीस जण आले, एकोणिसांना सन्मानचिन्हं दिली. त्यातल्या एकानं पुढे सन्मानचिन्हं बनवायचाच धंदा काढला. त्या एकोणीस जणांत तेवढा एक बरा चालला होता.

त्या एकोणिसांत लिफ्टवाल्याची मुलगी होती. तिचे वडील गावातल्या सगळ्या लिफ्ट सांभाळायचे. मोटारीला कान लावून ते सांगत की ही अजून पंधरवडा चालेल, ही उद्या बसेल. तीस वर्षं कान लावून तो कान गेला. मुलगी शिकली आणि तिनं वडिलांच्या कानाचं यंत्र केलं, अंगाच्या साबणाच्या वडीएवढं. मोटारीला चिकटवून ठेवायचं. ते आवाज ऐकत राहतं आणि बिघाड व्हायच्या आधी फोनवर कळवतं. मागच्या गल्लीत एका गाळ्यात ती आणि आणखी चौघं ही यंत्रं जोडत बसत. दोनदा सभेत येऊन दोन सन्मानचिन्हं घेऊन गेली होती. गाळ्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यातलं एक दाराला लावलं होतं.

चिटणिसाचा त्या यंत्रावर विश्वास होता, त्याला कारण होतं. तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. चौपन्न पायऱ्या. पाण्याचा पंप दर दोन महिन्यांनी बसे आणि मग खालून बादल्या आणाव्या लागत. बायकोनं पायाच्या मशीनवर शाळांचे गणवेश शिवून तीस वर्षं काढली होती, गुडघे त्यातच गेले. तरी चिटणीस कचेरीत असला की बादल्या तीच आणी. लिफ्टवाल्याच्या मुलीनं पंपाला आपलं यंत्र लावून बघू का म्हणून विचारलं, त्याला आता पाच महिने झाले होते. दोनदा पंप बिघडणार असं चार दिवस आधी कळलं, दोनदा दुरुस्त झाला, आणि पाणी एकदाही गेलं नाही. बायको येता-जाता पंपावरच्या त्या वडीवर बोटानं टिचकी मारी.

दोघांनी मिळून एक रक्कम जमवली होती. मागच्या रस्त्यावर तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी बघून ठेवल्या होत्या. दारात एकच पायरी, तीही उथळ. मालकानं पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. बायकोनं पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

मग चिटणिसाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि ते नेमकं पहिल्या मंगळवारी आलं. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदा सभेला जाणार नव्हता. त्यानं रीतसर रजेचा अर्ज केला, विषयपत्रिका मांडून ठेवली, दोन्ही पेनं रंगवाल्यांच्या हवाली केली, काळ्याचं टोपण कसं धरायचं ते दाखवलं, आणि इतिवृत्त तेवढं तुम्ही लिहा म्हणून विनंती केली. आपण पाटीवरचे अकरावे आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगवाले चौपन्न पायऱ्या चढून, हाशहुश करत, सफरचंदं घेऊन आले. चिटणीस एका डोळ्याला पट्टी लावून पडला होता. वाचायची मनाई होती, म्हणून त्यांनीच रजिस्टर मांडीवर घेतलं आणि आधी सभेची हकिगत सांगितली. लिफ्टवाल्याची मुलगी तिसऱ्यांदा आली होती. महिनाभर तिनं संघाच्याच इमारतीच्या लिफ्टला यंत्र लावलं होतं. यंत्रानं सांगितलं ब्रेक झिजलाय. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला झिजलाय, आणखी आठ दिवसांत कुणीतरी अडकलं असतं. यावर तारण काय, वडील काय करतात, काही विचारायला तोंड उरलं नाही. शिवाय एका मोठ्या कंपनीनं तिला कळवलं होतं की गाळा बंद कर, यंत्र आम्हाला दे आणि आमच्याकडे नोकरीला ये, महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं. सगळे म्हणाले, गावातली बुद्धी गावात राहिली पाहिजे. मुलीला चहा देऊन बाहेर बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, सूचक कोण? दहाही जण हजर.

इथे रंगवाल्यांनी चष्मा पुसला. मग रजिस्टर जवळ घेऊन वाचलं, "उपस्थित दहा. गैरहजर एक. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, चिटणीस. अनुमोदक, उपस्थित सर्व."

चिटणिसाला वाटलं, भूल अजून उतरली नसावी. तो म्हणाला, "पण मी चिटणीस आहे."

"हो मग?"

"मी सभासद नाही."

"पाटीवर आहात की. अकरावे. पितळेत."

रंगवाल्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की ही गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. हजेरीचं पान उलटताना दिसली. आणि दिसल्यावर सभेत जो आनंद पसरला तो काय सांगावा. औषधवाल्यांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. दहाही जणांनी अनुमोदक म्हणून ठळक सह्या केल्या. कुणाचं काही वाकडं झालं नाही, कारण चिटणीस काही पैसे घालणार नाही हे सगळ्यांनाच माहीत. मुलीला ठराव मिळाला, मंडळींना दानत दाखवायला मिळाली. उठताना रंगवाले दारात घुटमळले. म्हणाले, तुमच्या पेनाचं टोपण मात्र मी एकदाही खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. ते चिंतेत होते. ठरावाची बातमी विकास कार्यालयापर्यंत पोचली होती, तिथून अभिनंदनाचं पत्र आलं होतं, आणि मुलगी चेक कधी मिळेल विचारून गेली होती. पण वाट होती. पुढच्या मंगळवारी खास सभा घेऊन मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. कायम व्हायच्या आधी दुरुस्ती चालते.

"एक ओळ बदला," अध्यक्ष म्हणाले. "चिटणीस उपस्थित होते, असं लिहा. मग गैरहजर कुणी नाही, म्हणजे सूचक नाही, म्हणजे ठराव नाही. तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो. मुलीला सन्मानचिन्ह देऊ. या वेळी मोठं देऊ."

चिटणीस म्हणाला, बघतो. एका डोळ्यानं काय बघणार, असं म्हणून अध्यक्ष स्वतःच्याच विनोदावर हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

ओळ बदलायला दोन मिनिटंही लागली नसती. पण हजेरीच्या पानाशी चिटणिसानं कधी खेळ केला नव्हता. न आलेल्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालताना त्याचा हात कचरला नव्हता, पण न आलेल्याला आला असं त्यानं एकदाही लिहिलं नव्हतं. त्यात काय मोठा फरक आहे हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पडल्या पडल्या त्याला पुन्हा पुन्हा शिंप्याची बायको आठवत होती, रजिस्टरपुढे उभी असलेली.

बायको दर चार तासांनी त्याच्या डोळ्यात औषध घाली. तेव्हा उताणं पडून वर बघत राहावं लागे, तोंड चुकवायची सोय नसे. तशा वेळीच त्यानं तिला सगळं सांगितलं, सातव्या नियमातल्या चेकचा आकडासुद्धा. बाटली धरलेला तिचा हात तसाच वर राहिला आणि थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला.

"म्हणजे खालचं घर," ती म्हणाली.

"तेवढंच."

"आणि ओळ बदलली तर?"

"तर काहीच नाही."

तिनं गाल पुसला, दुसरा थेंब नीट डोळ्यात घातला आणि बाटलीचं बूच लावलं. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला. मग म्हणाली, त्या मुलीला इकडे बोलवा, चौपन्न पायऱ्या चढून येऊ दे.

मुलगी आली. घर विकत घ्यायची रक्कम हीच, हे तिला ठाऊक नव्हतं. कळल्यावर ती खुर्चीच्या अगदी कडेवर सरकून बसली. म्हणाली, "काका, ते बदलून टाका. मला नोकरी मिळतेच आहे, उपाशी थोडीच मरणार आहे." गाळ्यातल्या चौघांबद्दल ती बोलली नाही. पण बोलताना हाताच्या नखांतलं सोल्डरिंगचं काळं ती खरवडत होती, ते बायकोनं पाहिलं.

बायकोनं विचारलं, "घातलेले पैसे परत येतात का गं?"

"माहीत नाही, काकू. यंत्र चालतं एवढं माहीत आहे. धंदा चालेल की नाही ते सांगणारं यंत्र मला अजून जमलेलं नाही."

"माझ्या गुडघ्यांना लावलं असतं तर आधी कळलं असतं का?"

मुलीनं गुडघ्यांकडे पाहिलं, खरोखर विचार केला आणि म्हणाली, "नाही. त्याला मोटार लागते."

बायकोला हसू आलं. मुलगी गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहून खाली बघत होती, पंपाच्या दिशेनं. चिटणीस वाट बघत राहिला. तिच्या शिलाईचे पैसे त्यात निम्म्याहून जास्त होते, त्यामुळे त्यानं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"एकतीस वर्षं न आलेल्यांची नावं घातलीत," ती शेवटी म्हणाली. "शिंप्याची बायको आली तेव्हा तिला रजिस्टर दाखवलंत. आता स्वतःचं नाव आलं तर पान बदलायचं? मला नाही चालणार, चिटणीससाहेब."

"आणि घर?"

"मिळेल पुढेमागे. नाहीच मिळालं तर तुम्ही मला उचलून वर आणा."

चिटणिसानं आपल्या दंडांकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

मंगळवारी चारला खास सभा भरली. दहा हजर. अकरावा आज दुहेरी हजर होता, सभासद म्हणून आणि चिटणीस म्हणून. डोळ्यावर काळा चष्मा. त्यानं उभं राहून मागचं इतिवृत्त पहिल्या ओळीपासून वाचलं. उपस्थित दहा. गैरहजर एक. अध्यक्षांनी टेबलाखालून पायानं इशारा केला, तो रंगवाल्यांना लागला. चिटणीस वाचत राहिला. सूचक, चिटणीस. मग खिशातून एक घडी केलेला चेक काढून त्यानं तो टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "सातव्या नियमाप्रमाणे."

औषधवाल्यांनी चेक उचलून उजेडाकडे धरला, जणू बनावट नोट आहे. चिटणीस खाली बसला. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं म्हणून बसला, पण मंडळींना वाटलं, आता हा आपल्या चेकची वाट बघत बसलाय.

वर्षभर एकोणीस जणांच्या तोंडावर जे वाक्य दहाही जणांनी म्हटलं होतं, ते आता त्यांच्यापुढे येऊन बसलं. पहिला मिळाला होता. तोही कोण, तर त्यांच्याच पगारावरचा माणूस. प्रथम रंगवाले हलले. त्यांनी चेकबुक काढलं आणि चिटणिसाकडे न बघता काळं पेन मागितलं.

मग भलताच प्रकार सुरू झाला. अध्यक्ष म्हणाले, थांबा, दुसरा नंबर अध्यक्षांचा, वर्षभर मी म्हणत आलोय की दुसरा मी. औषधवाले म्हणाले, हे वाक्य सगळ्यांत आधी मी उच्चारलं, जुनं इतिवृत्त काढा. टायरचे व्यापारी, जे वर्षभर एक शब्द बोलले नव्हते, त्यांनाही आठवलं की तेही दुसरेच आहेत. पैसे घालायचे की नाही हा प्रश्न बघता बघता मागे पडला. दुसरा कोण, यावर आवाज चढले. अर्ध्या तासानं अध्यक्षांनी तोडगा काढला की सगळे चेक एकाच वेळी टेबलावर ठेवावेत आणि चिटणिसांनी दहाही नावांपुढे क्रमांक दोन असं लिहावं. तसं लिहिलं. रजिस्टरात ते पान अजून आहे.

काळं पेन दहा हातांतून फिरत होतं. चिटणीस टोपण मुठीत घट्ट धरून बसला होता. पेन परत आलं तेव्हा त्यानं टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

समारंभ झाला. फोटोत मध्ये अध्यक्ष, शेजारी मुलगी, मागे बाकी सगळे. चिटणीस फोटोत नाही, कारण सगळे नीट उभे राहिलेत की नाही ते तोच बघत होता. वार्षिक अहवालात अध्यक्षांनी लिहिलं की नेटवर्कनं पहिल्या दिवसापासून धाडसाची परंपरा जपली आहे. मुलीच्या गाळ्यात आता चौघांचे सात झालेत. पैसे परत येतील की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. ती दर महिन्याला येऊन तसं स्पष्ट सांगून जाते.

तळमजल्यावरच्या खोल्या दुसऱ्या कुणी घेतल्या. त्यांनी हिरवे पडदे लावलेत, ते बायकोला आवडले नाहीत. चिटणिसानं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल आणून ठेवलं आहे. बाजारातून येताना बायको त्यावर टेकते, आणि त्याची कचेरी सुटायची वेळ असली तर तिथेच थांबते. परवा तो जिना चढत तिच्यापर्यंत आला तेव्हा चांगला तासभर उशीर झाला होता.

आज एवढं काय चाललं होतं, तिनं विचारलं.

तो म्हणाला, ठराव होता. औषधवाले लग्नाला गेले होते, म्हणून सगळ्यांनी नेहमीसारखं त्यांचंच नाव सुचवलं. त्यानं सूचकाची जागा कोरी ठेवली आणि विचारलं, इथल्यापैकी कोण? कुणी बोलेना. त्यानंही पेन उचललं नाही. तसेच बसून राहिले, चहा निवला. शेवटी रंगवाले म्हणाले, घाला हो माझं, आणि घरी जाऊ द्या.

"इतका कसला जड ठराव होता?"

"सभागृहाला एक नवी खुर्ची घ्यायचा."

बायको स्टुलावर बसल्या बसल्या हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पिशवी त्याच्याकडे दिली, कठडा धरला आणि दुसरा हात त्याच्यापुढे केला. अजून अठरा पायऱ्या होत्या.